कोनाड्यातली काचनळी

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत लाकडी घोडीवर ओळीने उभ्या असलेल्या माझ्या बहिणी तुम्ही पाहिल्या असतील. त्यांच्या वाट्याला रंगीत पाणी येतं, गुरुजींचं कौतुक येतं, तुमचे विस्फारलेले डोळे येतात. माझ्या वाट्याला काय आलं ते ऐकलंत तर नाकाला रुमाल लावाल. लावा बापडे, मला सवय आहे. वीतभर लांब, बोटाएवढी जाड, बुडाला गोल आणि तोंडाला उघडी अशी मी एक जुनी काचनळी आहे. साजगावच्या अलीकडे एक लहानसं गाव आहे, तिथल्या एका घराच्या ओटीवरच्या कोनाड्यात मी पंधरा वर्षं राहते आहे. बोलायला कोणी नाही, म्हणून आज तुमच्याशी बोलते.

माझ्या जन्माचं मला फार काही आठवत नाही. मुंबईकडे कुठेतरी एक काचेचा कारखाना होता आणि भयंकर उकाडा होता. एका लांबलचक नळीचे तुकडे पाडले आणि एकेकीचं बूड निळ्या ज्योतीवर धरून मिटवून टाकलं. आम्ही पन्नास बहिणी भुशाने भरलेल्या खोक्यात बसून खोपोलीच्या एका दवाखान्यात आलो. सात-आठ जणी वाटेतच फुटल्या. ज्या पोहोचल्या त्यांना डॉक्टरांनी धुऊन पुसून घोडीवर उभं केलं आणि आमचं काम सुरू झालं.

काम सांगते. लाजण्यासारखं त्यात काही नाही, पण लोक लाजतात. ज्या माणसाला साखरेचा आजार झाल्याचा संशय असेल त्याची लघवी तपासायची. आधी माझ्यात चमचाभर निळं औषध ओतायचं, मग लघवीचे मोजून आठ थेंब टाकायचे, आणि लाकडी चिमट्यात धरून मला स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा झाला तर थोडी आहे. पिवळा, नारिंगी झाला तर जास्त. आणि विटेसारखा लाल झाला की समजायचं, माणसाचं काही खरं नाही. मला तोंड आहे, पण बोलता येत नाही. जे काही सांगायचं ते रंगात. आणि एक अभिमानाने सांगते, मी आजवर एकदाही खोटं सांगितलं नाही.

आमचे म्हातारे डॉक्टर मला उजेडात धरून म्हणायचे, "या दवाखान्यात सगळ्यात प्रामाणिक हीच." रोगी काय, विचारू नका. गोड खाल्लंत का म्हटलं की मान हलवायचे, आणि मी लाल व्हायचे. मग डॉक्टर चष्म्यावरून त्यांच्याकडे बघायचे आणि ते आपल्या चपलांकडे. ते माझे सुखाचे दिवस. पण काचेचं आयुष्य ते केवढं! कोणाच्या हातून सुटली, कोणी तापलेली असताना गार पाण्यात बुडवली, असं करता करता आमच्या खोक्यातली मी एकटी उरले. नव्या नळ्या आल्या त्या आपापसात बोलायच्या. त्यांचं माझं काही जमलं नाही.

सन एकाहत्तरचा श्रावण चालू होता तेव्हा गोमा दवाखान्यात आला. पंचेचाळिशीचा उंच गडी, पोट पुढे आलेलं, एका पायाला फडकं गुंडाळलेलं. लंगडत आला आणि बाकावर बसताच पाणी मागितलं. दोन तांबे रिचवले तरी तहान काही भागेना.

या गोमाची हकीकत डॉक्टरांनी खोदून खोदून विचारली, म्हणून मलाही कळली. तरुणपणी हा भाताच्या खाचरात राबायचा, लाकडाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन खोपोलीच्या बाजारात चालत जायचा. घरी उखळात मुसळाने कांडून सडलेला जाडा तांदूळ, नाचणीची भाकरी आणि रानातली भाजी. मग साजगावच्या कारखान्यात त्याला नोकरी लागली. गावाला कोण आनंद! आधी तो चालत जायचा, पुढे कंपनीची गाडी आली. आधी पोती उचलायचा, पुढे सामानाच्या कोठारात स्टुलावर बसून चिठ्ठ्या बघायचं काम मिळालं. दिवसाला सहा कप गोड चहा. आणि घरी गिरणीवरून काढून आणलेला पांढराशुभ्र भात, कारण कारखान्यातल्या माणसाच्या ताटात का जाडा तांदूळ वाढायचा? तो मजुराला. हे सगळं त्याला भाग्य वाटत होतं, आणि भाग्य नव्हतं असं तरी कसं म्हणू? उपाशीपोटी राबलेल्या माणसाला बसून खायला मिळालं तर तो बसणारच. पण अंगाला सवय राबायची होती, आणि ते बसलं.

पहिल्यांदा त्याच्या बायकोला, पुतळाबाईला, शंका आली. मोरीत तो जाऊन आला की मुंग्या लागायच्या. तिने तसं म्हटलं तर गोमा हसण्यावारी न्यायचा. मग कारखान्याच्या बुटाने अंगठ्याला फोड आला. महिना गेला तरी फोड बरा होईना, उलट काळा पडायला लागला. तेव्हा मात्र दोघांचं धाबं दणाणलं, कारण गोमाचा थोरला भाऊ धाऊ असाच गेला होता. त्याचाही अंगठाच आधी काळा पडला. मग घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. मुंबईला नेऊन पाय कापला आणि धाऊ काही परत आला नाही.

डॉक्टरांनी माझ्यात औषध ओतलं, आठ थेंब टाकले. मी उकळले आणि विटेसारखी लाल झाले. गोमाने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्या रंगाची लाज वाटली.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, जखम धुऊन बांधली. म्हणाले, साखर, गूळ बंद. गिरणीचा तांदूळ बंद, घरी सडलेला खा, तोही एक वाटी. नाचणीची भाकरी, पालेभाजी, ताक खा. पाय बरा झाला की रोज चाल. आणि एवढ्या दुखऱ्या पायाने दर आठवड्याला खोपोलीला यायला नको म्हणून त्यांनी मला, स्पिरिटच्या दिव्याला आणि निळ्या औषधाच्या बाटलीला गोमाच्या पिशवीत घातलं. दर गुरुवारी आरोग्य केंद्रातली नर्सबाई येईल, रंग बघेल, लिहून नेईल. शेवटी ते एवढंच म्हणाले, "गोमा, दिवाळीपर्यंत हा लाल गेला नाही, तर पायाची खात्री मी देत नाही."

अशी मी या घरात आले. आले म्हणजे ओटीपर्यंत आले. पुतळाबाईने पिशवीतून मला निघताना पाहिलं, पदर नाकाला लावला आणि सांगितलं, "ही बला घरात नाय आणायची. चुलीजवळून तर न्यायची पन नाय." ओटीच्या भिंतीत एक कोनाडा होता, त्यात मला ठेवलं. मुलांना ताकीद दिली की तिकडे हात लावाल तर हात मोडीन. कोणी आलंगेलं तर पुढे एक जुनं कॅलेंडर टेकवून मला झाकायचे.

कोनाड्यात माझ्या आधीच कोणीतरी राहत होतं. कान तुटलेला एक कप. निळ्या फुलांची नक्षी, आत चहाचा जुना डाग. हा इथे का, ते मला पहिल्या गुरुवारी कळलं.

गुरुवारी नर्सबाई आली. जयवंता तिचं नाव. सव्वीस-सत्तावीस वर्षांची, पांढरं लुगडं, हातात पिशवी, चालून चालून चपलेचे अंगठे झिजलेले. ती कर्जतच्या भिसेगावची. ती शाळेत असताना तिच्या वडिलांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती आणि पोरीला शिकवून नर्स केलं होतं. ती ओटीच्या कडेला बसली. पुतळाबाईने आतून चहा आणला, मला न शिवता तो कान तुटका कप काढला आणि वरून चहा ओतला. पिऊन झाल्यावर जयवंताने अंगणात जाऊन कप स्वतः विसळला आणि कोनाड्यात माझ्याजवळ ठेवून दिला. तिची बोटं मला लागली तेव्हा गार होती.

आता गंमत पाहा. हाच गोमा कारखान्यात सगळ्या जातीच्या माणसांच्या मांडीला मांडी लावून जेवायचा. पण घरी आला की उंबऱ्याला रेघ. विचारलं तर म्हणाला असता, पहिल्यापासून चालत आलंय. बाकी माणसं वाईट नव्हती. पुतळाबाई जयवंताला जाताना दारची तोंडली-पडवळं द्यायची, तब्येत विचारायची. फक्त उंबऱ्याच्या आत घ्यायची नाही.

तर जयवंताने गोमाला सगळं समजावून दिलं. मला कसं धरायचं, थेंब कसे मोजायचे, तोंड दुसरीकडे करून कसं उकळायचं. मी लाल झाले. तिने वहीत लिहून घेतलं. पुढच्या गुरुवारीही लाल. त्याच्या पुढच्याही.

जयवंता ओटीवर बसून विचारायची, साखर खाता का? गोमा देवाची शपथ घेऊन सांगायचा की चहासुद्धा कोरा पितो. गणपतीत एक मोदक तोंडात घातला नाही. भात कुठला खाता? उंबऱ्याच्या आतून पुतळाबाई उत्तर द्यायची, घरीच सडलेला, डॉक्टरांनी सांगितला तसा. आणि ते खरं होतं. रोज दुपारी आतल्या पडवीतून मुसळाचे धपधप घाव मला ऐकू यायचे. माळ्यावर टाकलेलं उखळ तिने खाली काढून घेतलं होतं. तासभर घाव चालायचे. बाईच्या हाताला घट्टे पडले होते. मला वाटायचं, एवढी निगुतीने करते आहे, मग मी लाल का होते? कोडंच होतं.

एका गुरुवारी जयवंता गेल्यावर पुतळाबाईचा संताप झाला. "ह्यांनी गोड सोडलं, गिरणीचं सोडलं, कारल्याचा रस पितात, आनि ही सटवी लालच्या लालच. नळीच खोटी हाय." चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हे. गोमाने मला धुतलं आणि उपडं ठेवलं. त्या आठवड्यात तो पायाचं फडकं सोडून स्वतःच बघायचा आणि परत बांधायचा. बायकोला बघू द्यायचा नाही.

मित्रांनो, मला खूप वाईट वाटलं. मी दवाखान्यातली प्रामाणिक, आणि इथे मला खोटी म्हणाले. मला वाटायचं, एकदा, एकदाच निळं राहावं आणि या दोघांना एक वेळ सुखाने जेवू द्यावं. पण काचेला तेवढंही स्वातंत्र्य नसतं. आत जे असेल तेच बाहेर दिसणार.

त्या गुरुवारच्या दुसऱ्या दिवशी दुपारी ओटीवर कोणी नव्हतं. गोमा आत पडून होता, मुलं शाळेत. पुतळाबाई ओटीवर आली. इकडे तिकडे पाहिलं. मग जिने मला कधी पदराचं टोकसुद्धा लावलं नव्हतं, तिने मला उचललं. गोमा दर गुरुवारी काय करतो ते तिने उंबऱ्याआडून पाहिलेलं होतं. तिने औषध ओतलं, दिवा पेटवला, आणि स्वतःच्या लघवीचे आठ थेंब माझ्यात टाकले.

मी उकळले, आणि निळी राहिले. स्वच्छ निळी.

ती माझ्याकडे बघतच राहिली. मला खोटं ठरवायला निघालेली बाई, आणि मी तिच्या हातात खरी निघाले. पण तिला काय आनंद होणार? नळी खरी, म्हणजे नवऱ्याचं दुखणं खरं. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि पदर तोंडात धरून रडली. आवाज येऊ नये म्हणून. रडून झाल्यावर तिने मला राखेने घासून धुतलं आणि हळूच म्हणाली, "चुकलं माझं. उद्यापास्नं आनखी नीट करते." त्या दिवसापासून मुसळाचे घाव आणखी वाढले. पूर्वी तासभर चालायचे, आता दोन तास.

आणि त्या आठवड्यात मी पूर्वीपेक्षा लाल झाले.

नवरात्रातला गुरुवार आला. जयवंता आली तर ओटी मोकळी. पुतळाबाई दारात आली आणि म्हणाली, रातीपासून ताप चढलाय, उठवत नाही, तुमी हितनंच औषध द्या बाई. जयवंता म्हणाली, जखम पाहिल्याशिवाय औषध देणार नाही. पुतळाबाई उंबऱ्यात उभी. एक हात चौकटीवर. तिला आत घेवत नव्हतं आणि परतही पाठववत नव्हतं. मी कोनाड्यातून दोघींकडे बघत होते.

आतून गोमाचा आवाज आला. आवाज कसला, नुसता श्वास. "पुतळे, धाऊदादाचा पाय बी आमी झाकूनच ठेवला व्हता. येऊ दे तिला."

पुतळाबाईने चौकटीवरचा हात काढला.

जयवंताने दिवा आणि बाटली पिशवीत टाकली, मला उचललं, आणि चपला काढून आत गेली. सात गुरुवार या घरी येऊन मी पहिल्यांदा घर पाहत होते. आणि तीसुद्धा.

आधी पडवी लागली. जमिनीवर मांडलेलं उखळ, बाजूला टेकवलेलं मुसळ, सुपात तांदूळ. असा पांढरा, की मोगऱ्याच्या कळ्या ओतल्यासारख्या. आणि पलीकडे कोंबड्या. काय त्या कोंबड्या! गोल गरगरीत, चकचकीत पिसांच्या. तपकिरी भुशासारखं काहीतरी मन लावून टिपत होत्या.

जयवंता थांबली. तिने सुपातला तांदूळ मुठीत घेतला, उजेडाकडे धरला आणि विचारलं, हा कोणासाठी?

पुतळाबाई म्हणाली, "ह्यांच्यासाठीच. तीन तीन डाव सडते. आता तर चार डाव. आजाऱ्या मानसाला मऊ पांढरा भात घालतात बाई, जाडाभरडा का घालतात? तेवढा तरी त्यांना चांगला खाऊ दे. वाटीनं काय व्हतंय, पोटभर वाढते."

जयवंता खाली वाकली. कोंबड्यांच्या मधे हात घालून तिने चिमूटभर तो तपकिरी कोंडा उचलला आणि पुतळाबाईच्या तळहातावर ठेवला.

"पुतळाबाई, तुमच्या नवऱ्याचं औषध कोंबड्या खातायत."

आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय अशी म्हण आपल्याकडे आहे. पण पुतळाबाई आंधळी नव्हती हो. तिच्या आईने, आजीने हेच शिकवलं होतं. घरात कोणी आजारी पडलं की जाडा तांदूळ बाजूला ठेवायचा, पांढरा काढायचा, गुरगुट्या भात करायचा, वर तूप सोडायचं. तापाला ते चाललं असेल. या आजाराला नाही चालत. जयवंताने तिथेच उकिडवं बसून समजावलं. एकदाच सडायचा, तांबूस राहू द्यायचा, कोंडा त्याच्या अंगावर हवा. चार डाव सडलात की तुमचा तांदूळ आणि गिरणीचा तांदूळ एकच. तो पोटात पडल्या पडल्या साखर होतो. आणि तोसुद्धा वाटीभर, उरलेलं ताट पालेभाजीने आणि डाळीने भरायचं.

पुतळाबाई तळहातावरच्या कोंड्याकडे बघत होती. "मग मीच का गं त्यांना..." जयवंताला तिने पहिल्यांदाच 'गं' म्हटलं होतं.

"तुम्ही नाही," जयवंता म्हणाली. "मी सात गुरुवार ओटीवर बसून शहाणपणा सांगत राहिले. एकदा आत येऊन चूल, उखळ बघायला पाहिजे होतं."

पुतळाबाईने कोंड्यावर मूठ मिटली. मग म्हणाली, "तुला आत कुनी घेतलं नाय."

त्या एका वाक्यावर मी माझं सगळं रागलोभाचं खातं मोडून टाकलं. मला सटवी म्हणाली होती ती, पण खरं बोलायला माझ्यासारखी काच व्हावं लागतं, आणि त्या क्षणी ती झाली होती.

मित्रांनो, इथे गोष्ट गोड झाली असं मी सांगितलं तर ते खोटं होईल, आणि खोटं मला जमत नाही. त्याच दिवशी गोमाला टेंपोत घालून मोठ्या दवाखान्यात नेलं. अंगठा आणि शेजारचं बोट काढावं लागलं. डॉक्टर म्हणाले, आणखी आठ दिवस गेले असते तर पाय गेला असता. पाय राहिला. दोन बोटं गेली. ती दोन बोटं मी कोणाच्या नावावर लिहू? साखरेच्या, पांढऱ्या भाताच्या, की उंबऱ्यावरच्या त्या रेघेच्या? सात गुरुवारांत एका गुरुवारी जरी जयवंता पडवीपर्यंत पोहोचली असती, तर कदाचित ती बोटं आजही चपलेत असती.

दिवाळीला गोमा काठी टेकत घरी आला. घराचं जेवण बदललं. एकट्या गोमाचं नाही, सगळ्यांचं. हा बदल पुतळाबाईचा. ती म्हणाली, ह्यांच्या ताटात तांबडा आणि पोरांच्या ताटात पांढरा असं वाढलं, तर ह्यांचा जीव तिकडेच लागणार. थोरला हिरू कुरकुरला, शाळेतली पोरं हसतात म्हणाला. तिने ऐकून घेतलं आणि नाचणीची भाकरी त्याच्या पुढ्यात टाकली. कोंबड्या मात्र रोडावल्या. जखम भरल्यावर गोमा पहाटे उठून पाताळगंगेच्या काठापर्यंत चालत जायला लागला. आधी बांधापर्यंत, मग वडापर्यंत, मग नदीपर्यंत. कारखान्यातून येताना गाडी सोडून निम्मी वाट पायी यायचा. गोळ्या चालूच होत्या, त्या सोडायच्या नाहीत हे जयवंताने बजावलं होतं.

मी लाल होते ती नारिंगी झाले. मग पिवळी, मग हिरवी. हिरव्यावर महिनाभर अडकले. माझा जीव टांगणीला लागला होता, तुम्हाला खोटं वाटेल. पौषातल्या एका गुरुवारी गोमाने मला ज्योतीवर धरलं. औषध उकळलं, बुडबुडे आले, बुडबुडे गेले. मी निळी होते.

गोमाने मला उन्हात धरलं. जयवंताने पाहिलं. पुतळाबाई उंबरा ओलांडून ओटीवर आली आणि तिनेही पाहिलं. हसलं कोणीच नाही. पुतळाबाई कोनाड्याकडे आली, माझ्या शेजारचा तो कान तुटका कप उचलला आणि जयवंताला म्हणाली, आत चल. मी अजून गोमाच्या हातात होते, तिथून दारातून चुलीपर्यंत सरळ दिसत होतं, म्हणून मी पाहिलं. तिने जयवंताला पाटावर बसवलं. घरातल्या चांगल्या, कान असलेल्या कपात तिला चहा दिला. आणि कान तुटक्या कपात स्वतःला ओतून घेतला, आणि तिच्यासमोर बसून प्यायली.

तो कप परत कोनाड्यात आला नाही. मी त्या दिवसापासून एकटी.

आनंद झाला का? झाला. पण मित्रांनो, खरं सांगते, त्या संध्याकाळी मला फार एकटं वाटलं. तो कप म्हणजे बोलणारा सोबती नव्हता, पण आम्ही दोघं एकाच कारणाने बाहेर होतो. त्याची सुटका झाली. माझी कशी होणार? मी जे काम करते ते चुलीजवळ न्यायचं कामच नाही. माझं बाहेर असणं योग्यच होतं. त्याचं नव्हतं.

पुढची वर्षं भराभर गेली. जयवंताची बदली झाली, तरी ती भिसेगावला जाता येता थेट चुलीपाशी येऊन बसायची. हिरू मोठा झाला, मोहोपाड्याच्या कारखान्यात लागला, तिथल्याच कॉलनीत राहायला गेला. तिथे कँटीन आहे, गाडी आहे, खुर्ची आहे, बापाला मिळालं होतं ते सगळं आहे. पण तो घरून डबा नेतो आणि कॉलनीपासून कारखान्यापर्यंत चालत जातो. घरी आला की वर्षातून एकदा मला खाली काढतो, आणलेलं स्पिरिट घालून दिवा पेटवतो, स्वतःची लघवी तपासतो, आणि मी निळी राहते. मग तो मला धुऊन परत ठेवतो, पुढच्या वर्षापर्यंत. गोमा साठीला आला. आठ बोटांनी अजून नदीपर्यंत जातो. आता रंग बदलणारे कागदाचे तुकडे निघालेत म्हणे, बुडवले की झालं. गेल्या खेपेचं दिव्यातलं स्पिरिट कधीच उडून गेलं. निळ्या औषधाची बाटली तळाला आली आहे. माझ्यावर कोळ्याने जाळं विणलंय आणि हिरू येईपर्यंत ते मोडायलाही कोणी येत नाही.

कधी कधी वाटतं, कोणीतरी मला उचलावं. हातात धरावं, उजेडात बघावं, म्हातारे डॉक्टर म्हणायचे तसं काहीतरी म्हणावं. मग माझं मलाच समजतं की मी काय मागते आहे. मला उचलायची वेळ येते ती कोणाच्या तरी घशाला कोरड पडल्यावर, कोणाचा तरी अंगठा काळा पडल्यावर.

म्हणून आत्मकथा सांगणाऱ्या बाकीच्या वस्तू शेवटी मागतात ते मी तुमच्याकडे मागत नाही. मला पुसू नका, जपू नका, माझी आठवणही काढू नका. पानात तांबूस भात आला तर नाक मुरडू नका, ताट पालेभाजीने भरा, पाय आहेत तोवर चाला. मग तुमच्या घरात माझ्यासारखी कोणी यायचीच नाही. माझ्या कोनाड्यात मी एकटी आहे ते तसंच बरं आहे.

फक्त एक करा. तुमच्या दारी कोणी चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायला आलं, तर मला बाहेर ठेवलं तसं तिला ठेवू नका. तिला आत घ्या.